मार्क मात्र खरे

आमच्या प्रयोगशाळेत 'विसरली' हा शब्द चालत नसे. मी नाशिकहून म्हैसूरला प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून आले, त्या पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी सांगत होते, "त्या आजी तिसरा शब्द विसरल्या." शेजारच्या टेबलाशी एक बाई उभ्याउभ्याच दहीभात खात होती. ओढणी कमरेला गुंडाळलेली, चष्मा केसांत. तिने चमचा डब्यात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "विसरल्या म्हणू नको. आत्ता आला नाही म्हण. उद्या येईल की."

मी चमकून पाहिलं. इथे मराठी ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं.

"कुठली तू?"

"नाशिकची."

"अय्यो, बरं झालं. मला भांडायला एक माणूस पाहिजे होतं. कन्नडमध्ये मला सगळं येतंय, भांडण तेवढं येत नाही."

ती अनसूयाक्का. त्यानंतर तिने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए नाशिक," एवढंच. आणि भांडण म्हणाल तर तिचं माझ्याशी काय, कुणाशीच कधी झालं नाही.

ती अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीतली. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलेलं शिंप्याचं घर, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आई लवकर गेली होती. वडील, अप्पा, शाळेचे गणवेश शिवायचे. देवनागरी तिला अडखळतच वाचता यायची. "मराठी माझी फक्त तोंडात आहे," ती म्हणे, "हातात नाही." मी शुद्ध बोलले की ती हसायची. "असं बोलतीस की कुणीतरी बक्षीस देणार आहे."

डॉक्टर व्हायचं होतं, ते थोडक्यात हुकलं. मग मानसशास्त्र घेऊन बीएस्सी, एमएस्सी, फेलोशिप आणि पीएचडी. मी आले तेव्हा ती मधल्या कुठल्या तरी वर्षाला होती. अप्पांना ते वर्ष कधी कळलं नाही. मी घरी गेले की मशीनवरून मान वर न करता विचारायचे, "काय ग, हिचं अजून किती राहिलंय? मी पहिलीचा गणवेश शिवला ती पोरं आता कॉलेजात गेली. ही आपली शिकतीच आहे."

"संपत आलंय अप्पा."

"मागल्या दसऱ्यालापण संपत आलं होतं."

तिचा विषय होता म्हातारपणचा विसर. पण शाळेची पायरी न चढलेल्या माणसांचा. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्या शिकलेल्यांसाठी केलेल्या असतात. ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही त्यांना त्यात नापास व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आमच्या सरांनी कन्नडमध्ये एक वेगळी चाचणी तयार केली होती. घरातले, शेतातले शब्द, हातात धरता येतील अशा वस्तू. सरांचं नाव प्रोफेसर शिवण्णा. मूळचे मेंदूचे डॉक्टर, पुढे पूर्णवेळ संशोधनात आलेले. अनसूयाक्का ती चाचणी घेऊन हुणसूर आणि पिरियापट्टणच्या बाजूच्या गावांत फिरायची. तीच माणसं, दरवर्षी पुन्हा. आणि त्या माणसांना म्हैसूरला आणून त्यांच्या मेंदूची चित्रं काढायची. कानामागे आत, मेंदूत, एक छोटा भाग असतो, नव्या आठवणी तिथे पक्क्या होतात. तो कुणाचा किती आक्रसलाय हे सर चित्र बघून ठरवत. चित्र कुणाचं आहे हे त्यांना सांगायचं नाही, असा नियम.

पिरियापट्टणजवळच्या एका गावात मी तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले, तो दिवस मला नीट आठवतो. घराच्या मागे तंबाखू भाजायची भट्टी होती आणि सगळ्या अंगणाला तोच वास होता. ज्यांची चाचणी होती ते आजोबा धोतर नेसून, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखे ओट्यावर बसले होते. अक्काने शब्द सांगितले, मध्ये थोडं दुसरं काम करायला लावलं आणि मग शब्द परत विचारले. आजोबांना एकही आला नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दारात उभा असलेला मुलगा चिडला. "कशाला त्रास देता म्हाताऱ्याला?"

अक्का पुढे सरकली आणि आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अज्जा, चूक माझी. मीच हळू बोलले. तुम्हाला ऐकूच गेलं नसणार."

आजोबांनी डोळे पुसले आणि मुलाला म्हणाले, "बघ. मला ऐकू आलं नव्हतं." मग त्यांनी आम्हाला ताक प्यायल्याशिवाय उठू दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, "अक्का, मग त्यांना पुन्हा संधी द्यायची? तू हळू बोललीस म्हणून?"

"मी कुठे हळू बोलले?" ती म्हणाली. "शून्य आहेत, शून्य घातलेत. तोंडाने काहीही बोल ग. मार्क मात्र खरे घाल."

हे ती सगळ्यांना सांगायची. नव्या मुलींना तर दोनदोनदा.

दुसरी एक गोष्ट. चित्रं काढायच्या त्या मशीनचा आवाज फार वाईट असतो, हातोडे मारल्यासारखा. गावाकडच्या बायका घाबरायच्या. एकीला वाटलं होतं की आत घालून जाळणार. अक्का अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवून त्यांच्याबरोबर आत जायची आणि मशीनच्या बाहेर राहिलेले त्यांचे पाय धरून उभी राहायची. संपेपर्यंत. तिथले तंत्रज्ञ तिला हसत. "मॅडम, पाय धरून कुणाचा मेंदू दिसत नाही." ती म्हणायची, "तुम्ही मेंदू बघा. मी पाय बघते."

सरांबद्दल ती फार बोलत नसे. पण त्यांची खोली उघडी असली की तिची खुर्ची आपोआप त्या दिशेला वळलेली असायची. एमएस्सीला असताना ती एकदा शिक्षण सोडणार होती. अप्पा आजारी, दुकान बंद. तेव्हा सर स्वतः अग्रहारात घर शोधत आले होते आणि अप्पांच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून म्हणाले होते, "हिला दुसरं काही येणार नाही. हिला शिकू द्या." अप्पा ही गोष्ट सांगताना नेहमी पुढे जोडायचे, "खरंच होतं. हिला काजंसुद्धा करता येत नाही."

सरांमधला बदल आधी कुणाच्या लक्षात आला हे आता सांगणं कठीण आहे. एका परिसंवादात त्यांनी पाहुण्यांची ओळख करून दिली, खाली बसले, आणि थोड्या वेळाने उठून त्याच पाहुण्यांची तीच ओळख पुन्हा करून दिली. लोकांना तो विनोद वाटला. अक्काही हसली. पण त्यानंतर कुणी भेटायला आलं की ती सरांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहायला लागली आणि हळूच नाव सांगायला लागली. तिच्या प्रबंधाचं एखादं प्रकरण तपासून दिलेलं असलं तरी सर ते परत मागायचे, ती पुन्हा छापून न्यायची. एकदा माझ्यासमोर त्यांनी तिला तीच दुरुस्ती तिसऱ्यांदा सांगितली आणि तिने तिसऱ्यांदा "हौदु सर", हो सर, म्हणून मान हलवली. बाहेर आल्यावर मी काही बोलणार इतक्यात ती म्हणाली, "सुम्ने राहा, नाशिक." गप्प राहा. मी गप्प राहिले.

मग ती चित्रं आली.

चित्रं तपासताना काही चित्रं मुद्दाम दोनदा घालायची रीत असते. तपासणाऱ्याला ते माहीत नसतं. दोन्ही वेळा उत्तर साधारण सारखं आलं म्हणजे नजर पक्की आहे. सरांची नजर इतकी पक्की होती की आम्ही ती पडताळणी नुसती करायची म्हणून करत असू. त्या वर्षी अक्का आकडे जुळवत बसली होती. दुपारपर्यंत तिने चहा घेतला नाही. मी कप नेऊन ठेवला तर म्हणाली, "हे बघ."

एकाच बाईचं एकच चित्र. एकदा सरांनी ठणठणीत म्हटलं होतं, एकदा अगदी खराब. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही.

"पान चुकलं असेल," मी म्हणाले.

"मीपण तेच म्हटलं. चारदा बघितलं."

याचा अर्थ तिने मला सांगितला नाही, सांगायची गरजही नव्हती. त्या वर्षीची तपासणी वाया गेली, आणि हे कधीपासून चाललंय ते कळायला मार्ग नसल्यामुळे आधीचीही गेली. प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता. सरांची सही झाली की सादर करायचा, एवढंच राहिलं होतं. आणि सर न वाचता सही करणार होते, हेही आम्हाला दोघींना माहीत होतं.

ती काही दिवस नुसती येऊन बसायची. मग एका दुपारी तिने ओढणी कमरेची सोडली, नीट खांद्यावर घेतली आणि सरांच्या खोलीत गेली. सर दार कधी लावून घेत नसत. मी बाहेरच्या टेबलापाशी होते, तिथून आतलं दिसत होतं. सगळं कन्नडमध्ये चाललं होतं, एव्हाना मला ते समजत होतं.

"सर, ही दोन्ही चित्रं एकाच बाईची आहेत."

 मग कागद उलटल्याचा आवाज, पुन्हा उलटल्याचा.

"मी केलं हे?"

"हौदु सर."

"खुर्ची घे," सर म्हणाले. "माझी टेस्ट घे."

"बेड सर. नको."

"घे, अनसूया. बाहेरचं कुणी घेण्यापेक्षा तू घे."

ती बसली. तिने शब्द सांगितले: बैल, खिडकी, मामा, मीठ, देऊळ. दोन शब्दांमध्ये ती गावात जेवढी थांबायची तेवढीच थांबली, आवाजही तोच ठेवला. हे शब्द सरांनीच निवडले होते. त्यावर तासतास वाद घातले होते, 'मामा' ठेवायचा की 'आजा'. मग मधलं काम झालं. मग तिने शब्द परत विचारले.

"बैल," सर म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मीठ." मग खिडकीतून बाहेर बघत, "मीठ मी म्हटलं का?"

"म्हटलंत सर."

"मग पुढचं?" सरांनीच विचारलं.

तिने कागदावर आकडा लिहिला.  मग म्हणाली, "सर, मीच हळू बोलले. तुम्हाला ऐकू आलं नसणार."

सर हसले. अगदी मोकळं हसू होतं ते, मला बाहेर ऐकू आलं. "हे वाक्य मीच तुला शिकवलं," ते म्हणाले. "हुणसूरला. त्या विडीवाल्या अज्जीच्या घरी."

"हौदु सर."

"ही गोष्ट कशी लगेच आठवली बघ." मग थांबून, "मार्क किती घातलेस?"

"दोन."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

ती बाहेर आली आणि माझ्या कपातला गार चहा पिऊन टाकला. तिचा चेहरा रोजच्यासारखा होता. मला वाटलं ती रडेल. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

सरांनी स्वतःच विद्यापीठाला कळवलं आणि काम सोडलं. पण हे स्वतःच कळवणं कुणी मानायला तयार नव्हतं. विभागात बोललं जाई की हिने सरांना घालवलं, ज्यांनी घडवलं त्यांचीच परीक्षा घेतली. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो, त्यांनी तर दारातच सांगितलं, "आता कशाला आलीस? घातलेस ना मार्क?" आणि जाळीचं दार लावून घेतलं. मी बरोबर होते. अक्काने आणलेली केळी पायरीवर ठेवली आणि आम्ही चालत परत आलो. वाटेत तिने फक्त एवढंच विचारलं, "तुला भूक लागली काय?"

नवे मार्गदर्शक भले गृहस्थ होते. त्यांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं. म्हणाले, चित्रांचा भाग वगळा, नुसत्या चाचण्यांवर प्रबंध होतो, सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल. सगळ्यांनी तिला तेच सांगितलं. मीही सांगितलं.

"त्या बायका त्या मशीनमध्ये झोपल्यात ग," ती म्हणाली. "मी पाय धरून उभी होते. त्यांचे पाय कापत होते. आणि आता मी म्हणू, राहू दे, नको होतं?"

बंगळूरच्या एका तज्ज्ञ डॉक्टर बाईंनी सगळी चित्रं पहिल्यापासून पुन्हा तपासायचं कबूल केलं, पण सवडीने. ती सवड वर्षापेक्षा जास्त चालली. फेलोशिप केव्हाच संपली होती. अक्का हुणसूरच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला लागली. सकाळच्या बसने जायची, दुपारी परत यायची आणि प्रयोगशाळेत येऊन बसायची. याच काळात ती बोलायची कमी झाली. दहीभात तसाच उभ्याने, ओढणी तशीच कमरेला. पण 'ए नाशिक' म्हणून हाक मारायची आणि मी वळले की म्हणायची, "काही नाही." एकदा मी विचारलं, "तुला राग नाही येत?" तर विचार करून म्हणाली, "दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय. दात कुठला आहे ते कळतंय. दुखत नाही."

मधल्या काळात सरांचा आजार उघड दिसण्याइतका वाढला. अम्मांनी एक दिवस स्वतःच फोन केला. काय बोलल्या ते अक्काने सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारपासून ती सरांकडे जायला लागली.

शेवटी बंगळूरहून चित्रं तपासून आली आणि प्रबंध सादर झाला. मौखिक परीक्षेला हॉल बऱ्यापैकी भरला होता. अप्पा स्वतः शिवलेला शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. सुरू होणार इतक्यात अम्मा सरांना हाताला धरून घेऊन आल्या. पहिल्या रांगेतले सगळे उठून उभे राहिले. सर कोट-टायमध्ये होते, दाढी नीट केलेली. क्षणभर मला वाटलं, काही झालेलंच नाही.

अक्काने विषय मांडला. बाहेरच्या परीक्षकांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. मग सरांनी हात वर केला. अध्यक्षांनी नाइलाजाने मान हलवली. सर उभे राहिले आणि आपल्या जुन्या, खणखणीत इंग्रजीत त्यांनी विचारलं: शाळेत न गेलेल्या माणसाला शब्द आठवला नाही, तर तो आजार कशावरून? कदाचित असे शब्द धरून ठेवायची त्याला सवयच नसेल. प्रश्न फार चांगला होता. परीक्षकांनी तो टिपून घेतला. अक्काने सविस्तर उत्तर दिलं. तुलना त्या माणसाची त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी केलीय, दुसऱ्या कुणाशी नाही. सर समाधानाने बसले.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हात वर केला. पुन्हा उभे राहिले. तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

 अम्मांनी त्यांचा कोट ओढला. अक्काने पाण्याचा घोट घेतला आणि पूर्ण उत्तर दिलं, एक वाक्य न गाळता, पहिल्यांदाच ऐकलंय अशा चेहऱ्याने. बाहेरचे परीक्षक खाली कागदाकडे बघत होते.

तिसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा अध्यक्ष उठायला लागले. "आपण इथे थांबूया..."

"एक मिनिट सर," अक्का त्यांना म्हणाली. "प्रश्न आहे."

सरांनी प्रश्न विचारला. या वेळी ती कन्नडमध्ये बोलली. हुणसूरच्या ओट्यावर बसून बोलावं तसं, सावकाश, सोपं करून. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "सरि," ते म्हणाले. ठीक आहे. आणि त्यांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

बाहेर पेढे वाटताना अप्पांनी मला विचारलं, "संपलं काय आता?"

"संपलं अप्पा."

"मग ही हसत का नाही?"

तिला परदेशात पुढच्या संशोधनाची जागा मिळाली. जायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आम्ही दोघी सरांकडे गेलो. सर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी उठून हात जोडले आणि आम्हाला बसायला सांगितलं, अनोळखी पाहुण्यांशी बोलतात तसं, अदबीने.

"आपण काय करता?" त्यांनी तिला विचारलं.

"मी स्मृतीवर काम करते सर. पीएचडी झाली आता."

"वा. चांगला विषय आहे. अवघड आहे पण." ते थोडे पुढे झुकले. "गाइड कोण होते?"

आत अम्मा कप मांडत होत्या. तो आवाज थांबला.

"प्रोफेसर शिवण्णा," अक्का म्हणाली.

सरांनी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. मग मान हलवली. "नाही माहीत. नवीन असतील." आणि काळजीने, "फार त्रास दिला काय?"

"नाही सर," ती म्हणाली. "काही त्रास नाही दिला."

कॉफी झाली. सरांनी आम्हाला गेटपर्यंत सोडलं. तिथून आम्ही रिक्षाने बसस्टँडला आलो, कारण तिला हुणसूरला जाऊन कॉलेजात तपासलेले पेपर द्यायचे होते आणि तिथला निरोप घ्यायचा होता. मी म्हटलं, मी येते बरोबर. ती म्हणाली, "कशाला? आठवड्याने विमानातपण येणार आहेस काय?"

ती खिडकीशी बसली. पेपरांचा गठ्ठा मांडीवर, त्यावर दोन्ही हात. मी खिडकीखाली उभी होते. काहीतरी बोलायला हवं होतं, पण कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. बस सुरू झाली, मागे आली, वळून रस्त्याला लागली. माझ्या बाजूला आता दुसऱ्याच खिडक्या होत्या. त्यांतून पलीकडे मला ती दिसली, पाठमोरी. तिने हात बाहेर काढला होता आणि तो हलवत होती, मी नव्हते त्या बाजूला. तिथे फक्त एक भिंत होती. बस दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलत होता.